तीन डॉक्टर, तीन निदानं: मानसिक आजाराचं नाव ठरतं कसं?

सांगलीकडच्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. त्यांचा धाकटा भाऊ, वय २४. दोन वर्षांपूर्वी तो एकदम गप्प झाला, जेवण तुटलं, कॉलेज सुटलं. गावाजवळच्या मानसोपचार डॉक्टरांनी केस पेपरवर ‘एफ ३२.१’ लिहिलं आणि नैराश्य आहे म्हणून सांगितलं. औषधांनी बरं वाटलं, मग ती बंद झाली. पुढच्या वर्षी अचानक संशय, असंबद्ध बोलणं, रात्र-रात्र जागरण. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, एक देवऋषी झाला, मग रुग्णालय. तिथल्या डिस्चार्ज कार्डावर ‘एफ २३’. या उन्हाळ्यात पुन्हा बिघडलं तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांनी ‘एफ ३१.२’ लिहिलं, म्हणजे बायपोलर. ताई विचारतात: तिघांपैकी बरोबर कोण? रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, मग हे ठरवतात कशावरून? इंटरनेटवर कुणी डीएसएम म्हणतं, कुणी आयसीडी, त्यातलं कुठलं धरायचं? आणि घरात त्याच्या लग्नाचा विषय निघालाय, तर स्थळाकडच्यांना काय सांगायचं?

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पण तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही. त्यामुळे त्याचं निदान इथे करणार नाही. मात्र हे तीन कोड ज्या क्रमानं आले तो क्रम आमच्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि त्यावरून एवढं ठामपणे सांगते की तिन्ही डॉक्टर आपापल्या दिवशी बरोबर असू शकतात. मानसिक आजाराचं निदान म्हणजे आजवर दिसलेल्या लक्षणांचं, ती किती दिवस टिकली यासकट केलेलं वर्णन. दिवस पुढे सरकले, नवं काही दिसलं, की वर्णन बदलतं आणि नावही बदलतं.

कोड उलगडून बघू. ‘एफ’ हे आयसीडी-१० मधल्या, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीच्या दहाव्या आवृत्तीतल्या, मानसिक आजारांच्या प्रकरणाचं अक्षर. एफ ३२ म्हणजे नैराश्याचा पहिला झटका, त्यापुढचा .१ म्हणजे मध्यम तीव्रतेचा. एफ २३ म्हणजे झपाट्यानं, दोन आठवड्यांच्या आत उभा राहिलेला आणि थोड्या काळात ओसरणारा सायकोसिस, म्हणजे भ्रम-भासांमुळे वास्तवाशी नातं तुटणं. एफ ३१ म्हणजे बायपोलर, ज्यात नैराश्याचे आणि उन्मादाचे झटके येतात, आणि .२ म्हणजे सध्या उन्मादाचा म्हणजे मॅनियाचा (उत्साह आणि वेग बेसुमार वाढण्याचा) झटका आहे, त्यासोबत भ्रम-भास आहेत. आता पहिल्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून बघा. समोर २२ वर्षांचा उदास मुलगा आहे. मॅनिया त्याला अजून झालेलाच नाही. बायपोलर लिहायला आयुष्यात निदान एकदा मॅनिया किंवा त्याचं सौम्य रूप दिसावं लागतं. बायपोलरची सुरुवात कितीतरी जणांत नैराश्यानंच होते, आणि त्या वेळी ते नैराश्य बाकीच्या नैराश्यांसारखंच दिसतं. कमी वय, आई-वडिलांकडच्या कुणाला तसा आजार, उदासीत झोप फार वाढणं, उदासीतच भ्रम होणं, अशा काही खुणा असल्या तर डॉक्टर मनात शंका धरतो, नैराश्याची गोळी देताना जपून देतो, पुन्हा लवकर बोलावतो. पण शंकेला कोड नसतो. लिहायचं ते दिसलेलंच.

दुसऱ्या कागदाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण निदानाचं खरं काम तिथे दिसतं. ‘झोपतच नव्हता हो,’ असं आई सांगते. हे वाक्य मला कधीच पुरत नाही. मी विचारते, पहाटे चारला उठून तो काय करत होता? एका घरातली आई सांगते की दाराला आतून कडी लावायचा, दिवा मालवायचा आणि खिडकीच्या फटीतून रस्त्यावर बघत बसायचा, दुसऱ्या दिवशी डोळे लाल आणि अंग गळालेलं. दुसऱ्या घरातली आई सांगते की माळ्यावरची सगळी भांडी काढून घासली, दुकानाचा बोर्ड बदलायचे बेत मांडले, तीन तास झोपून सकाळी ताजातवाना, पाच मित्रांना फोन, एकाला न मागता पैसे दिले. ‘झोपत नव्हता’ दोन्हीकडे खरं आहे. पहिल्याला भीतीपायी झोप येत नाही, दुसऱ्याला झोपेची गरजच वाटत नाही. पहिलं मला एका बाजूला नेतं, दुसरं मॅनियाकडे.

संशयाचंही तसंच. ‘लोक मागे लागलेत’ असं तो म्हणाला, इथवर बहुतेक नातेवाईक सांगतात. मी विचारते, का लागलेत, याबद्दल काही म्हणाला का? ‘काय माहीत, माझ्याबद्दल कुजबुजतात’ हे एक उत्तर. ‘मी लवकरच मोठा माणूस होणार, म्हणून जळतात’ हे दुसरं. दुसऱ्या उत्तरात संशयाच्या खाली स्वतःच्या मोठेपणाचा भ्रम आहे. भरती करताना रुग्ण चवताळलेला असतो, नातेवाईक घाबरलेले आणि थकलेले असतात, ओपीडीबाहेर रांग असते. अशा वेळी हे बारकावे निसटतात किंवा खरोखरच धड कळत नाहीत, आणि मग एफ २३ हे प्रामाणिक नाव ठरतं: सायकोसिस आहे, झपाट्यानं आलाय, पुढे काय होतं ते बघू. या नावाला मुदत आहे. लक्षणं लांबली तर ते नाव गळून पडतं आणि दुसरं द्यावं लागतं. तिसऱ्या खेपेला पुण्यातल्या डॉक्टरांसमोर दोन जुने कागद होते. पहिल्या दोघांकडे नसलेला हा पुरावा कुठल्याही यंत्रातून येत नाही, काळ जावा लागतो.

ही दृष्टी जुनी आहे. जर्मनीत एमिल क्रेपेलिन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं एकेका रुग्णाचं वेगळं कार्ड ठेवलं आणि आज काय दिसतं यापेक्षा पुढे वर्षानुवर्षं काय झालं याची नोंद केली. १८९९ च्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत त्यानं गंभीर आजारांचे दोन मोठे गट मांडले. एकात माणूस हळूहळू खालावत जातो, त्याला पुढे ऑयगेन ब्लॉयलरनं स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. दुसऱ्यात झटके येतात आणि जातात, मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो, त्यातूनच आजचं बायपोलर निघालं. सव्वाशे वर्षांत या रेघेवर कितीतरी आक्षेप आले, अनेक रुग्ण रेघेच्या मधोमध सापडतात हेही खरं, तरी तुमच्या भावाच्या फाईलमध्ये मी पहिली गोष्ट तीच शोधेन: दोन झटक्यांच्या मध्ये तो कसा होता? पूर्वीसारखा हसत-बोलत होता, की काहीतरी कायमचं कमी झालं होतं? ताई, हे कुठल्याही डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

आता पुस्तकांकडे येते. आयसीडी ही जागतिक आरोग्य संघटनेची सगळ्या आजारांची यादी. तिचं मूळ मृत्यूच्या कारणांच्या एकोणिसाव्या शतकातल्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या सहाव्या आवृत्तीत मानसिक आजारांचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा आला. डीएसएम ही अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची, फक्त मानसिक आजारांची पुस्तिका. पहिली १९५२ ची, सध्याची पाचवी २०१३ ची, तिची सुधारित प्रत २०२२ ची. आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थी दोन्ही शिकतात, संशोधनात डीएसएम बरंच वापरलं जातं, सरकारी कागदांवर आयसीडी. या दोघांत भांडण असल्यासारखं इंटरनेटवर लिहितात, पण खुद्द अमेरिकेतही विम्याच्या बिलावर जो कोड पडतो तो आयसीडीचाच असतो.

पुस्तकांत नेमक्या अटी का लागल्या, ते सांगते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा कितीतरी जास्त नोंदले जात होते. न्यूयॉर्कमध्ये तो आजारच जास्त आहे का, हे पाहायला दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून अभ्यास केला. ठरलेल्या प्रश्नांनी, एकाच पद्धतीनं रुग्ण तपासले तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मग मुलाखतींच्या चित्रफिती दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यातल्या एका रुग्णाला अमेरिकेतल्या बहुसंख्यांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं, ब्रिटनमधल्या जवळजवळ कुणीच म्हटलं नाही. माणूस तोच, चित्रफीत तीच. ब्रिटिश डॉक्टर ज्यांना मॅनिया म्हणत होते त्यांतले पुष्कळ अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या खात्यात जात होते. त्याचा अर्थ काय झाला बघा. मॅनियावर लिथियम चालतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडनं १९४९ मध्येच दाखवलं होतं. चुकीच्या खात्यात पडलेल्या माणसाला लिथियम सुचवायचं कुणाच्या मनातच येणार नाही. नाव चुकलं की औषध चुकतं, आणि एखाद्याची उमेदीची वर्षं जातात. मला वर्गीकरणाची एवढी कळकळ का, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

त्यातून १९८० ची डीएसएम-३ आली. रॉबर्ट स्पिट्झर तिचे प्रमुख. ‘मनाच्या खोलात काय संघर्ष आहे’ याबद्दलचे तर्क बाजूला ठेवून तिनं प्रत्येक आजाराला अटी लावल्या: कुठली लक्षणं, किती, किती दिवस, आणि कुठल्या कारणांनी ती धरायची नाहीत. आयसीडी-१० नंही तोच रस्ता धरला. त्या घडामोडीत आपल्याही देशाचा हात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं स्किझोफ्रेनियावर नऊ देशांत पथदर्शी अभ्यास केला त्यात आग्रा हे केंद्र होतं. ठरलेल्या मुलाखतीनं तपासल्यावर आग्र्यातला आणि लंडनमधला स्किझोफ्रेनिया ओळखीचा निघाला, आणि पुढे पाठपुरावा केला तेव्हा भारतासारख्या देशांतले रुग्ण अधिक चांगले सुधारलेले आढळले. त्याची कारणं काय यावर आजही वाद आहेत.

अटी ठरवल्या म्हणजे सगळं सोपं झालं असं मात्र नाही. डीएसएममध्ये मोठ्या नैराश्याची नऊ लक्षणं आहेत, त्यांतली पाच दोन आठवडे हवीत, आणि त्या पाचांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं. आकडेमोड केली तर या अटी पूर्ण करण्याचे २२७ मार्ग निघतात. एक माणूस झोपत नाही, जेवत नाही, येरझाऱ्या घालतो. दुसरा दिवसभर झोपतो, खूप खातो, हलत नाही. दोघांच्या कागदावर एकच नाव. आयसीडी-११ नं यादीत निराशेची, म्हणजे पुढे काहीच चांगलं होणार नाही असं वाटण्याची भर घातली आणि दहातली पाच मागितली. माझ्या मते ही भर फार योग्य आहे, कारण जिवाचं बरं-वाईट करण्याचा धोका ओळखायला हा प्रश्न नेहमी उपयोगी पडतो.

पाचच का, चार का नाहीत? मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रेघ ६.५ वर आखली आहे. ६.४ चा माणूस निरोगी आणि ६.५ चा आजारी असं शरीरात काही घडत नाही, उपचार कुणाला द्यायचे हे ठरवायला कुठेतरी रेघ लागते. आमच्या रेघाही तशाच माणसांनी बसून ठरवलेल्या आहेत. म्हणूनच दोन पुस्तकांत त्या वेगवेगळ्या पडतात. स्किझोफ्रेनियाला आयसीडी एक महिना मागते, डीएसएम सहा महिने. तीन महिने लक्षणं असलेल्या मुलाला एका पुस्तकात ते नाव मिळतं, दुसऱ्यात अजून मिळत नाही. जवळचं माणूस गेल्यावर न ओसरणाऱ्या दुःखाला आजार म्हणायचं ते आयसीडी-११ मध्ये सहा महिन्यांनंतर, डीएसएममध्ये मोठ्या माणसांसाठी वर्षानंतर. आपल्या घरांत वर्षश्राद्धापर्यंतचा काळ वेगळा धरतात. वर्षाची रेघ मला आपल्या लोकांसाठी जास्त समंजस वाटते. आयसीडीनंही, समाजाच्या रीतीपेक्षा दुःख स्पष्टपणे जास्त लांबलेलं हवं, अशी अट घातली आहे.

दोन डॉक्टरांचं एकमत किती होतं तेही मोजलेलं आहे. डीएसएम-५ च्या चाचणीत एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं. पूर्ण एकमताला १ आणि निव्वळ योगायोगाला ० धरलं, तर विस्मरणाच्या मोठ्या आजाराला ०.७८ मिळाले, आघातानंतरच्या ताणविकाराला ०.६७, बायपोलरच्या पहिल्या, म्हणजे पूर्ण मॅनिया दिसणाऱ्या प्रकाराला ०.५६, स्किझोफ्रेनियाला ०.४६ आणि मोठ्या नैराश्याला अवघे ०.२८. इतक्या सर्रास लिहिल्या जाणाऱ्या नावावर इतकं कमी एकमत असावं ही आमच्या शास्त्राची खरी दुबळी बाजू आहे, आणि ती रुग्णांपासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं. पण हेच आकडे तुमच्या भावाच्या बाबतीत धीर देणारे आहेत. उघड मॅनिया डॉक्टरांना एकमेकांपासून फार वेगळा दिसत नाही. तीन कागदांत सगळ्यात टिकाऊ कागद कुठला म्हणाल, तर तिसरा.

रक्त आणि स्कॅनबद्दल. तुमच्या भावाच्या तपासण्या झाल्याच नसतील तर त्या करून घ्या, पण त्यांचं काम वेगळं आहे. थायरॉइड, बी-१२, फिट्स, दारू-गांजा, स्टेरॉइडसारखी औषधं यांमुळेही माणूस असाच वागू शकतो, आणि ते आहे का हे तपासूनच पुढे जायचं. बायपोलर ‘आहे’ असं सांगणारी रक्ताची तपासणी आज जगात कुठेही नाही. कुणी तशी विकत असेल तर पैसे देऊ नका. यामागे एक ऐतिहासिक कारणही आहे. आमच्याकडच्या एखाद्या आजाराचं शारीरिक कारण सापडलं की तो आजार बहुधा दुसऱ्या खात्यात जातो. एकेकाळी वेड्यांच्या इस्पितळांत खचाखच भरलेल्या एका प्रकारच्या रुग्णांच्या मेंदूत १९१३ मध्ये सिफिलिसचे जंतू सापडले, आणि पेनिसिलीन आल्यावर तो आजार आमच्या वॉर्डांतून जवळपास गेला. २००७ मध्ये एका मेंदूदाहाचं वर्णन झालं, ज्यात शरीरातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) मेंदूच्या पेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या एका रिसेप्टरवर हल्ला करतात. तरुण मुली अचानक भ्रमिष्ट होतात, नंतर फिट्स येतात. आज त्या न्यूरॉलॉजीकडे जातात आणि कितीतरी बऱ्या होतात. उरलेल्या आजारांचं कारण लक्षणांच्या पलीकडे शोधायचे प्रयत्न जोरात आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१३ मध्ये, डीएसएम-५ येण्याच्या तोंडावर, आपलं संशोधन त्या पुस्तकाच्या चौकटींपासून दूर नेत असल्याचं जाहीर केलं. दहा-बारा वर्षं उलटली, तरी ओपीडीत त्यातून हाती येईल असं काही अजून आलेलं नाही.

देवऋषीचा उल्लेख तुम्ही संकोचत केलाय. संकोच नको. आमच्याकडे येणारी कितीतरी कुटुंबं आधी तिकडे जाऊन आलेली असतात, आणि रागावलं की ती सांगायचंच बंद करतात. पुस्तकांनाही हा विषय परका नाही. अंगात येण्यासाठी आयसीडी-१० मध्ये एफ ४४.३ हा कोड आहे, आयसीडी-११ मध्ये त्याचे दोन वेगळे विकार केले आहेत. पण दोन्हीकडे महत्त्वाची अट आहे. जत्रेत, जागरणात, ठरलेल्या वेळी, समाजाला मान्य असलेल्या रीतीनं एखाद्या बाईच्या अंगात देवी येते आणि नंतर ती घरी जाऊन नेहमीसारखा स्वयंपाक करते, तेव्हा तो आजार नव्हे, आणि तसं लिहिणारा डॉक्टर चुकतो. नको असताना, कुठेही, वारंवार येतं आणि त्यापायी तिचे हाल होतात, तेव्हाच कोडचा प्रश्न. एन. एन. विग या आपल्या ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्य जातंय म्हणून खंगत चाललोय या भीतीनं येणारे तरुण आपल्याला नवे नाहीत, पण पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांना जागा नव्हती. आयसीडी-१० नं ती दिली. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र भूत-बाधेच्या शंकेत वाया गेलेले दिवस मोलाचे होते. उन्मादात माणूस कर्ज काढतो, गाडी बेफाम चालवतो, मारामारी करतो. पुढच्या वेळी झोप तीन-चार दिवस घसरली आणि तरी तो टवटवीत दिसला, की थेट डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री काय करावं कळेना तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे.

शिक्क्याची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, आणि ती निराधार नाही. निदानाच्या नावाखाली माणसांवर अन्याय झालेत. समलैंगिकता डीएसएममध्ये आजार होती. १९७३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या संघटनेनं ती काढली, आयसीडीतून ती जायला १९९० उजाडलं. सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ ठरवून डांबलं गेलं, जगभरातून इतका संताप उसळला की १९८३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेतून बाहेर पडली. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम मी विद्यार्थ्यांना मोठ्यानं वाचायला लावते. निदान हे आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय निकषांवरच करायचं. माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, जात-धर्म यावरून करायचं नाही. घरातली किंवा समाजातली नीतिमूल्यं, श्रद्धा तो मानत नाही एवढ्यावरून करायचं नाही. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: पूर्वी कधी उपचार घेतले किंवा भरती होता, एवढ्यावरून आज तो आजारी आहे असं ठरवता येत नाही. विमा कंपनीनं शारीरिक आजाराच्या बरोबरीनं मानसिक आजाराचीही सोय करायची, हेही याच कायद्यात २१ व्या कलमात आहे. तुमचा दावा नुसता कोड बघून फेटाळला तर लेखी कारण मागा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र हा वेगळा विषय. तिथे नुसत्या नावावर भागत नाही. स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम यांत माणूस किती अडतो हे मोजतात, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलती लागू होतात. बायपोलरचे कितीतरी रुग्ण नोकरी-धंदा नीट करतात, त्यांना ते लागतही नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण आपल्याकडे पुष्कळ रुग्णालयं अजून दहावीच वापरतात. नव्या आवृत्तीत एफ नाही. उद्या चौथ्या कागदावर ‘६ए६०’ दिसलं तर चौथा आजार झाला असं समजून घाबरू नका, तो बायपोलरच्या पहिल्या प्रकाराचाच नवा कोड आहे. सगळे कागद तारखेनुसार एका फाईलमध्ये लावा, औषध कधी सुरू झालं, कधी आणि का बंद झालं ते तुमच्या अक्षरात लिहा. नैराश्याची गोळी चालू असताना दुसरा झटका आला होता, की ती बंद झाल्यावर किती दिवसांनी, हे पुण्यातल्या डॉक्टरांना नक्की सांगा. त्यावर पुढची औषधं ठरतात. आई-वडिलांकडच्या नात्यात कुणी महिना-महिना पडून राहायचं आणि मग एकदम उधळायचं, असं कुणी होतं का, तेही आजी-आत्यांना विचारून ठेवा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे निदान कशावरून केलं, आणखी कशाची शंका आहे, आणि काय दिसलं तर तुम्ही नाव बदलाल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आता लग्न. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हा नुसत्या नावावरून अडसर नाही, तो किती आणि कशा प्रकारचा आहे हे पाहायचं असतं. १९८८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की स्किझोफ्रेनियासारखं नाव असणं घटस्फोटाला पुरेसं नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न केलं तर फसवणुकीच्या मुद्द्यावर ते रद्द होऊ शकतं. म्हणून लपवू नका. लपवलेल्या घरांत मी पुढे काय बघते ते सांगते: नव्या नवरीला कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात, लग्नाच्या गडबडीत झोप तुटते, आणि महिना-दोन महिन्यांत तिसरा-चौथा झटका येतो. घाईही करू नका. निदान वर्षभर तो स्थिर राहू दे, कामाला लागू दे. मग पत्रिका जुळली, पसंती झाली की साखरपुड्याच्या आधी त्यानं स्वतः मुलीला सांगावं, आजाराचं नाव, औषधं चालू आहेत हे, आणि बिघडायला लागलं की आधी काय दिसतं ते. मुलीला डॉक्टरांना भेटायचं असेल तर त्याच्या परवानगीनं दोघांनी मिळून जावं. अशी जोडपी माझ्याकडे येतात, आणि मुलीचा पहिला प्रश्न बहुधा मुलांबाळांचा असतो. त्याचं उत्तर: आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर मुलांत धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेक मुलांना तो आजार होत नाही. गरोदरपणात काही औषधं चालत नाहीत, पण ती काळजी मुख्यतः रुग्ण स्त्री असेल तेव्हाची. त्याच्या बाबतीतही कुठलं औषध आहे ते आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि परस्पर एकही गोळी बंद करू नये.